न्यूट्रोफिलचा पडदा चढवलेले नॅनोकण आमवातावर खरंच देतात का? आईसाठी विचारतेय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आई ५८ वर्षांची, सांगलीला असते, नऊ वर्षं झाली आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह. दर रविवारी मेथोट्रेक्सेट, मधल्या दिवसांत फॉलिक ॲसिड, शिवाय हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू आहे. सुरुवातीची पाच-सहा वर्षं बरी गेली पण आता सकाळी उठल्यावर दीड तास बोटं वळतच नाहीत. गेल्या महिन्यात चहाचं पातेलं सांडशीत धरलं आणि सांडशी दाबायला जोरच लागला नाही, पातेलं निसटलं, पायावर उडालं थोडं. तेव्हापासून ती गॅसजवळ जायला घाबरते आणि तिला असं बघून मला रात्री झोप लागत नाही.

डॉक्टरांनी आता बायोलॉजिक इंजेक्शन सुचवलंय, अडालिमुमॅब. घरात सगळे घाबरलेत, मावशी म्हणते इम्युनिटी कमी करणारं औषध नको, त्यापेक्षा इम्युनिटी वाढवणारा काढा दे. त्यातच एका क्लिनिकचा फोन आला (नाव लिहीत नाही), त्यांच्याकडे म्हणे पांढऱ्या पेशींच्या कातडीचे नॅनोकण करून टोचतात, सहा सिटिंग, साडेतीन लाख, साइड इफेक्ट शून्य. व्हॉट्सॲपवर एका रिसर्च पेपरचं पहिलं पान पण पाठवलं, त्यात न्यूट्रोफिल, नॅनोपार्टिकल, आर्थ्रायटिस हे सगळं खरंच लिहिलंय. मी बीकॉम, मला त्यातलं काही कळत नाही. हे शास्त्र खरं आहे का, असेल तर चालतं कसं, आणि त्यासाठी बायोलॉजिक थांबवावं का? ॲडव्हान्स या आठवड्यात भरा म्हणून मागे लागलेत.

पडदा_आणि_पेशी

ताई, आधी एकच सांगते, ॲडव्हान्स भरू नका. बाकी सगळं सावकाश वाचा.

मी पुण्यात बायोमटेरियल्समध्ये पीएचडी करतेय, पेशींचे पडदे नॅनोकणांवर चढवणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे जरा लांबण लागेल. तुम्हाला जे पान पाठवलंय तो पेपर बहुतेक २०१८ चा, नेचर नॅनोटेक्नॉलॉजीमधला, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ल्यांगफांग झांग यांच्या लॅबचा. पेपर खरा आहे, काम फार सुंदर आहे. पण ते उंदरांवरचं काम आहे, माणसाला टोचलेलं नाही. क्लिनिकने एवढीच गोष्ट तुम्हाला सांगितली नाही, आणि सांगायला हवी होती तीच नेमकी.

आता हे चालतं कसं. उकडीचा मोदक डोळ्यासमोर आणा. आतलं सारण म्हणजे पीएलजीए नावाच्या पॉलिमरचा बारीक कण, हा पॉलिमर ओळखीचाच आहे, ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके असतात ना, त्यातले बरेचसे याच घराण्यातले. वरची पारी म्हणजे खऱ्या पेशीचा पडदा, आतलं केंद्रक-बिंद्रक सगळं काढून टाकलेला, पण पडद्यावरची प्रोटीनं तशीच ठेवलेली. सगळा मोदक मिळून साधारण १०० नॅनोमीटरचा, लाल पेशी सात-आठ मायक्रॉनची असते म्हणजे तिच्याहून सत्तर-ऐंशी पट लहान.

सुरुवात लाल पेशींपासूनच झाली, २०११ मध्ये. नुसता प्लास्टिकसारखा कण रक्तात सोडला की यकृत आणि प्लीहा त्याला परका समजून पटकन उचलतात. लाल पेशी मात्र १२० दिवस फिरते कारण तिच्या अंगावर सीडी४७ नावाचं प्रोटीन असतं, गिळणाऱ्या पेशींना ते सांगतं की मी घरचीच आहे, मला खाऊ नकोस. तोच पडदा कणावर चढवल्यावर उंदरांच्या रक्तात कण बराच जास्त टिकला. मग २०१३ मध्ये त्याच लोकांनी याचा स्पंज म्हणून वापर केला. स्टॅफ नावाचा जंतू अल्फा टॉक्सिन सोडतो, ते लाल पेशींच्या पडद्याला भोकं पाडतं. कणावरही तोच पडदा, त्यामुळे विष खऱ्या पेशीऐवजी कणावर जाऊन बसतं आणि अडकतं. जिवावर बेतेल एवढं विष दिलेल्या उंदरांपैकी ज्यांना आधी स्पंज दिला होता ते ८९ टक्के वाचले, विष दिल्यानंतर स्पंज दिला तर ४४ टक्के. हा दुसरा आकडा मी मुद्दाम लिहितेय, कारण पेशंट आपल्याकडे येतो तो नंतरच.

आमवाताकडे येते. सांध्यात सूज आली की पहिल्या धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल असतात. त्यांच्या अंगावर टीएनएफ अल्फा, आयएल-१ बीटा अशा सायटोकाइन्स पकडणारे रिसेप्टर असतात. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप, सूज वाढवा, आणखी माणसं बोलवा. रिसेप्टर म्हणजे दाराला लावलेली टपालपेटी. न्यूट्रोफिलचा पडदा चढवलेला कण म्हणजे नुसतीच टपालपेटी, मागे घर नाही. पत्र पेटीत पडतं पण वाचायला आत कोणी नाही, त्यामुळे निरोप तिथेच संपतो. शिवाय खरा न्यूट्रोफिल ज्या चिकट प्रोटीनांनी सुजलेल्या जागी धरून बसतो तीही पडद्यावर असतात, म्हणून हे कण कुर्चेत खोलवर गेले असं त्या पेपरात दिसतं. उंदरांमधली सांध्यांची झीज आणि सूज दोन्ही कमी झाली.

मला या कल्पनेचं जे आवडतं ते असं की कोणता निरोप त्रास देतोय हे आपल्याला आधी माहीत असावंच लागत नाही. बायोलॉजिक एका सायटोकाइनसाठी बनवलेलं असतं, अडालिमुमॅब टीएनएफ पकडतं, टोसिलिझुमॅब आयएल-६ चा रिसेप्टर अडवतं. पडद्यावर मात्र पेशीने आयुष्यभर वापरलेल्या सगळ्याच पेट्या एकदम येतात. सेप्सिससाठी, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जातो त्यासाठी, याच लॅबने २०१७ मध्ये मॅक्रोफेजचा, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीचा, पडदा वापरला, त्याने जंतूंचं एंडोटॉक्सिनही पकडलं आणि सायटोकाइन्सही. आणि उलट्या बाजूनेही हे वापरतात, म्हणजे प्रतिकारशक्ती शांत करायच्या ऐवजी जागी करायला, कॅन्सरच्या पेशीचा पडदा कणावर चढवून आत चिथावणी देणारं सीपीजी नावाचं डीएनए भरायचं, म्हणजे शरीराला ती कॅन्सरची खूण लक्षात राहते. तेही उंदरांतच.

रक्तपेढीवाला

वरच्या ताईंनी छान सांगितलंय. मी २२ वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन आहे, पडदा काढायचा म्हणजे नेमकं काय ते माझ्या बाजूने सांगतो, कारण ते डोळ्यांनी बघता येतं.

थॅलेसिमियाच्या कॅम्पमध्ये आम्ही नेस्ट्रॉफ्ट करतो, ०.३६ टक्के मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे काळी रेघ काढलेला कागद धरायचा. निरोगी लाल पेशी एवढ्या पातळ मिठात टिकत नाहीत, पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि फुटते, पाणी लाल पण नितळ होतं आणि मागची रेघ स्वच्छ दिसते. थॅलेसिमिया मायनर असेल तर पेशी फुटत नाहीत, नळी गढूळ राहते, रेघ दिसत नाही. लॅबमध्ये पडदा काढतात तो याच तत्त्वावर, पेशी फोडायची, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं लाल पाणी टाकायचं, पुन्हा बफर घालायचा, पुन्हा फिरवायचं. दोन-तीन धुण्यांत तळाशी राहतो तो फिकट गुलाबी, शेवटी जवळजवळ पांढरा साका, नखाएवढा. त्याला घोस्ट म्हणतात. एकदा एका कॉलेजच्या मुलांना करून दाखवलं होतं, मुलं विचारत होती सर रक्त गेलं कुठे.

पण लाल पेशींचं सोपं आहे ताई, एक बाटली रक्तात त्या अब्जावधी असतात आणि फ्रीजमध्ये पाच-सहा आठवडे राहतात. न्यूट्रोफिलचं तसं नाही. आमच्याकडे ग्रॅन्युलोसाइट, म्हणजे बहुतेक न्यूट्रोफिलच असलेल्या पांढऱ्या पेशी, देतो कधी कधी, ते काढल्यापासून २४ तासांच्या आत चढवावे लागतात, साठवता येत नाहीत. मग सहा सिटिंगसाठी हे क्लिनिक कुणाच्या पांढऱ्या पेशी आणतंय, डोनर कोण, त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिसची तपासणी कोणी केली, लायसन्स कुठलं? हे तेवढं विचारा. माणसाच्या रक्तापासून बनवलेली कुठलीही गोष्ट टोचायची तर याची उत्तरं कागदावर असायलाच हवीत.

फिजिशियन_रत्नागिरी

कृष्णाकाठ, मी एमडी मेडिसिन आहे, आमवाताचे पेशंट रोज बघतो. तीन गोष्टी.

मावशींना सांगा की आईंची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही, ती चुकीच्या दिशेला लागलीय, स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडतेय. तिला वाढवून काय करणार? काढ्याने हे थांबत नाही, आणि काही काढ्यांनी यकृतावर ताण येतो, मेथोट्रेक्सेटही यकृतालाच जपून द्यायचं औषध आहे, दोन्ही एकत्र नको. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे घरात डबी भरणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा एकदा सांगून ठेवा. चुकून रोज घेतल्यामुळे अस्थिमज्जा बसलेले पेशंट मी पाहिलेत.

दुसरं, सांध्याचं हाड एकदा झिजलं की कुठलंही औषध ते परत आणत नाही, आज तरी. म्हणून मेथोट्रेक्सेट पुरत नसेल तर वाट बघण्यात जाणारा प्रत्येक महिना बोटांतून वजा होतो. जे इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितलंय ते लाखो लोकांनी घेतलेलं आहे, २०१४ पासून भारतात बनलेलं अडालिमुमॅब मिळतं त्यामुळे किंमतही पूर्वीसारखी राहिलेली नाही. उंदरांवरच्या कामासाठी ते थांबवणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

तिसरं थोडं @पडदा_आणि_पेशी यांच्यासाठी. सगळ्या पेट्या एकदम असणं हा तुम्ही फायदा म्हणून सांगितलात, मला तिथेच काळजी वाटते. दोन बायोलॉजिक एकत्र देऊन बघितलेली आहेत, एटानरसेप्ट आणि अनाकिनरा, म्हणजे टीएनएफ आणि आयएल-१ दोन्ही एकाच वेळी अडवले. एकट्या एटानरसेप्टपेक्षा जास्त फायदा काहीच झाला नाही आणि गंभीर इन्फेक्शन्स मात्र वाढली. तुमचा स्पंज हेच दोन निरोप पकडतो. आणि आपल्याकडे क्षयरोग आहे. टीबीचे जंतू फुप्फुसात वर्षानुवर्षं झोपून असतात कारण मॅक्रोफेज पेशींनी त्यांच्याभोवती गाठ बांधून ठेवलेली असते आणि ती गाठ टिकते टीएनएफच्या जोरावर. टीएनएफ काढला की गाठ सुटते. म्हणूनच बायोलॉजिकच्या आधी आम्ही टीबीची तपासणी, छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी करतोच. पिंजऱ्यातल्या उंदरांना झोपलेला टीबी नसतो.

पडदा_आणि_पेशी

डॉक्टर, टीबीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि खरं सांगायचं तर आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये तो कधी कोणी काढलेला मी ऐकला नाही, सोमवारी मी काढणार आहे.

एटानरसेप्ट-अनाकिनराबद्दल माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ही औषधं नेमून दिलेली असतात, पुढच्या डोसपर्यंत निरोप अडवूनच ठेवायचा. स्पंजची क्षमता ठरलेली असते, पेट्या भरल्या की संपलं, आणि कण काही दिवसांत यकृतात जाऊन मोडतो. म्हणजे उफाळलेली सूज ओसरवायची आणि बाजूला व्हायचं असा त्याचा वापर होऊ शकतो, सेप्सिससारख्या आजारात जिथे खेळ दोन-तीन दिवसांचा असतो तिथे तर जास्तच. आमवात वर्षानुवर्षांचा आजार आहे, तिथे कण परत परत द्यावे लागतील आणि मग तुमची काळजी पुन्हा उभी राहतेच, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय पांढऱ्या पेशींच्या पडद्यावर एचएलएच्या खुणा असतात, प्रत्येक माणसाच्या वेगळ्या, दुसऱ्याच्या पेशींचे कण वारंवार दिले तर शरीर त्या खुणांविरुद्ध अँटीबॉडी बनवू शकतं. लाल पेशीच्या पडद्यावरही ब्लड ग्रुप तसाच राहतो.

आणि बनवण्याचा त्रास वेगळाच. रक्तपेढीवाल्या दादांनी सांगितलेला साका मिळाला की तो बारीक छिद्रांच्या चाळणीतून पीएलजीएच्या कणांसोबत दाबून दाबून काढायचा, आधी ४०० नॅनोमीटर, मग १००. कधी चाळणी तुंबते, कधी अर्ध्या कणांवरच पडदा बसतो, उरलेले उघडेच राहतात. परवा माझी बॅच दोन दिवस दुधाळ एकसारखी दिसत होती, तिसऱ्या दिवशी नळीच्या तळाला पांढरा थर, म्हणजे कण एकमेकांना चिकटले, सगळं फेकून दिलं. ऑटोक्लेव्ह करता येत नाही, १२१ डिग्रीला पडद्यावरची प्रोटीनं शिजतात, म्हणून पहिल्या पायरीपासूनच सगळं निर्जंतुक ठेवावं लागतं. एवढं सगळं सांगितलं कारण गाळ्यातल्या क्लिनिकमध्ये हे बनतंय यावर माझा काडीचाही विश्वास नाही. सलाइनच्या बाटलीत काय असेल देव जाणे.

मंडळींपैकी कोणाला जवळचं पण माणसांपर्यंत पोचलेलं उदाहरण हवं असेल तर सिलियाक आजाराचं बघा, त्यात गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते. गव्हातल्या ग्लायडिन प्रोटीनचा तुकडा पीएलजीएच्या कणात भरून शिरेतून दिला, म्हणजे शरीराने ते परकं न समजता सहन करायला शिकावं. पेशंटना नंतर मुद्दाम ग्लूटेन खायला देऊन तपासलं, तर ग्लायडिनविरुद्ध उठणारा प्रतिसाद खूप कमी आला. त्यावर पेशीचा पडदा नव्हता, पण नॅनोकणाने प्रतिकारशक्तीला वळण लावणं माणसात जमू शकतं एवढं त्यातून दिसलं. माझ्यासारख्यांना काम करत राहायला ते पुष्कळ आहे.

अंबरनाथची_काकू

मी शास्त्रातली नाही, पेशंट आहे. ११ वर्षं आमवात, गेली चार वर्षं अडालिमुमॅब, दर पंधरा दिवसांनी स्वतःच मांडीत टोचून घेते. माझ्या टीबीच्या टेस्टमध्ये झोपलेला टीबी निघाला होता, आधी काही महिने त्याच्या गोळ्या घेतल्या मगच इंजेक्शन सुरू केलं, तो काळ फार कठीण गेला पण डॉक्टरांनी घाई केली नाही ते बरं झालं. तिसऱ्या महिन्यात एक दिवस सकाळी उठून मी केसांची वेणी घातली आणि घालून झाल्यावर लक्षात आलं की आपण वेणी घातली. बाळ, आईला सांग माझ्याशी बोलायचं असेल तर निरोप पाठव, मी फोन करेन. आणि तोपर्यंत सांडशी दे टाकून, दोन बाजूंना कान असलेली पातेली आण, दोन्ही हातांनी धरता येतात, जोर विभागला जातो.

फिजिशियन_रत्नागिरी

काकूंचा अनुभव अगदी तसाच घडतो. कृष्णाकाठ, एक करून बघा, त्या क्लिनिकला सीटीआरआय नंबर विचारा. भारतात कुठलीही क्लिनिकल ट्रायल सुरू करायची तर त्या रजिस्ट्रीत आधी नोंद करावीच लागते, वेबसाइट सगळ्यांना खुली आहे, नंबर टाकला की ट्रायल कुठे चालू आहे, एथिक्स कमिटी कोणती, सगळं दिसतं. आणि ज्या औषधाची अजून चाचणीच व्हायची आहे ते पेशंटला साडेतीन लाखांना विकता येत नाही.

कृष्णाकाठ

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. काल रात्री सगळे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले, मोदकाचं तिला लगेच कळलं, म्हणाली म्हणजे अजून उकड काढायचीच चाललीय, नैवेद्याला वेळ आहे. टपालपेटीचं दोनदा वाचायला लावलं.

क्लिनिकला फोन केला. सीटीआरआय नंबर विचारला तर म्हणाले ते मोठ्या कंपन्यांना लागतं, आमची ट्रीटमेंट पर्सनलाइज्ड आहे. मग डोनर कोण विचारलं तर म्हणाले पेशी बाहेरून येतात. बाहेरून म्हणजे कुठून, यावर मॅडम तुम्हाला आईला बरं करायचंय की चौकशी करायचीय असं म्हणून फोन ठेवला. मी नंबर ब्लॉक केला.

आज सकाळी आईला घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले. टीबी गोल्ड (झोपलेल्या टीबीची रक्ततपासणी), हिपॅटायटिस बी आणि सीला रक्त दिलंय, छातीचा एक्स-रे झाला, तो स्वच्छ आहे म्हणाले. मावशीच्या काढ्याची बाटली मी तिच्यादेखतच डॉक्टरांना दाखवली, त्यांनी बंद करायला सांगितलं. काकू, तुमचा नंबर मिळाला, आई दुपारी चारनंतर मोकळी असते, तिने तुम्हाला विचारायला एका कागदावर सात प्रश्न लिहून ठेवलेत, पेन धरायला त्रास होतो तरी स्वतःच लिहिलेत.

@पडदा_आणि_पेशी, सोमवारी मीटिंगमध्ये टीबीचं काय ठरलं ते इथे नक्की लिहा, आई विचारतेय.

पडदा_आणि_पेशी

लिहिते. सरांनी ऐकून घेतलं आणि लगेच फळ्यावर लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून मॅक्रोफेज पेशींच्या डिशमध्ये बीसीजीचे जंतू टाकून त्यावर आमचे कण सोडून बघणार आहोत, जंतू वाढतात की आहेत तेवढेच राहतात ते मोजायचं. बीसीजी म्हणजे लसीतलाच, त्यामुळे आमच्या लॅबमध्ये परवानगी मिळेल. आईंना सांगा हा प्रयोग त्यांच्या धाग्यातून निघालाय.